पडद्याच्या पट्ट्या

आमच्या घरात माणसं दोन आहेत आणि कोट किती आहेत ते मला विचारू नका. मोजायचं मी कधीच सोडून दिलं. मागच्या खोलीत जायचं तर आधी एका लोकरी कोटाच्या बाहीखालून वाकावं लागतं, मग टोप्यांच्या डब्यांना वळसा घालावा लागतो, तेव्हा कुठे खिडकी दिसते. खरं तर ती आमच्या लेकीची खोली. लग्न करून ती समुद्रापलीकडे गेली त्याच आठवड्यात तिच्या पलंगावर ह्यांनी एक रेनकोट पसरून ठेवला. म्हणाले, "दोन दिवसांपुरता." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमचे हे जुने कपडे जमवतात. नुसते जुने नव्हेत, आम्ही तरुण होतो तेव्हाचे. कुत्र्याच्या कानांएवढ्या कॉलरचे शर्ट, बेलबॉटम, रुंद पट्टे, दोन रंगांचे बूट. नव्या कपड्याला हे हातसुद्धा लावत नाहीत. कधी दुकानात नेलंच, तर शर्टाची कड उलटी करून बघतात, तोंड वाकडं करतात आणि विकणाऱ्या बाईला विचारतात, "ही काय शिवण झाली?" ती बिचारी माझ्याकडे बघते. मी छताकडे बघते.

ह्यात सगळा दोष ह्यांचा नाही. ह्यांचा जन्म गेला ड्रायक्लीनिंगच्या दुकानात. लोक कपडे टाकून जायचे ते न्यायला यायचेच नाहीत. कुणी गाव सोडायचं, कुणाचं लग्न मोडायचं, कुणी मरून जायचं. बरीच वाट बघून मालक म्हणायचा, फेकून द्या. हे ते घरी घेऊन यायचे. "कुणीतरी हौसेनं शिवून घेतलंय गं," म्हणायचे. हौस लोकांची आणि कपाटं माझी, असा तो सगळा कारभार.

आणि कपडा घरात आला की ह्यांचे नियम सुरू. आधी तो बाल्कनीत टांगायचा. मग कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि शेवटी नाक लावून हुंगायचा. आधीच्या माणसाचा वास पूर्ण गेला पाहिजे. घाम, अत्तर, सिगरेट, काही राहता कामा नये. थोडा जरी आला तरी पुन्हा टबात. मग त्याच्यावर नंतर कुणी केलेली डागडुजी काढायची. कुणी कॉलर बदललेली असते, कुणी उंची कमी केलेली असते. हे चष्मा लावून एकेक टाका उसवतात आणि कपडा पहिल्या दिवशी जसा होता तसा करून ठेवतात. ह्याला हे 'मूळ रूप' म्हणतात. बोलताना आवाज असा खाली आणतात की ऐकणाऱ्यानं चपला काढाव्यात.

आता त्या फ्रॉकचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

मी टायपिस्ट होते. पहिल्या पगारात मी एक हिरवा फ्रॉक शिवून घेतला होता. गडद हिरवा, कमरेला पट्टा, पुढे वरपासून खालपर्यंत त्याच कापडानं मढवलेली बटणं. नवा कोरा असतानाच टाइपरायटरची रिबन बदलताना बाहीला शाई लागली. मी रडकुंडीला येऊन कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात शिरले. काउंटरमागे एक काटकुळा मुलगा उभा होता. त्यानं बाही बघितली आणि म्हणाला, "डाग जाईल. फ्रॉक इथे सोडून जा."

"सोडून जाऊ म्हणजे? अंगावर आहे माझ्या."

त्याचे कान जे लाल झाले ते लग्नापर्यंत उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी फ्रॉक घडी करून नेऊन दिला. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यावर आतल्या बाजूला नंबर घालायची पद्धत होती, अदलाबदल होऊ नये म्हणून. परत न्यायला गेले तर माझ्या फ्रॉकला नंबर नव्हता. कॉलरच्या आत लाल दोऱ्याची एक बारीक फुली होती. मी विचारलं तर म्हणाला, "ह्याची अदलाबदल व्हायची नाही."

लग्न झालं. सासूबाई कमी बोलायच्या, आणि माझ्याशी त्याहून कमी. मी त्यांना पसंत नव्हते हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कधी लपवलंही नाही. मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात त्या फ्रॉकची बटणं लागेनात. नवे कपडे शिवण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि मला तर तोच घालायचा होता. मी पलंगावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येते तो फ्रॉक खुंटीला, आणि दोन्ही बाजू उसवून काखेपासून खालपर्यंत रुंद पट्ट्या लावलेल्या. पांढऱ्यावर पिवळी फुलं. स्वैपाकघराच्या खिडकीचा पडदा होता तो. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "घालून बघ." बाकी काही नाही. खिडकी पुढे कितीतरी दिवस उघडी होती आणि समोरच्या घरातली म्हातारी आमच्या पातेल्यात काय शिजतंय ते बघत बसायची.

तो फ्रॉक घालून मी शेवटपर्यंत कामावर गेले. हे तेव्हा दोन पाळ्या करायचे, दिवसा दुकान आणि संध्याकाळपासून एका हॉटेलच्या चादरींना इस्त्री. घरी यायचे ते झोपायला. ऑफिसातल्या मैत्रिणीनं माझा एक फोटो काढला, पोटावर दोन्ही हात ठेवून उभी आहे तो. लेक मोठी झाल्यावर आल्यागेल्याला तो दाखवायची आणि म्हणायची, "हा माझा पहिला फोटो. मी आत आहे."

खरं सांगू? मला ते दिवस फार आठवतात. ह्यांच्यासारखे कपडे नाही जमवत मी, पण आठवण काढायची म्हटलं तर ह्यांना मागे टाकीन. तेवढेच काय ते महिने लेक मला सोडून कुठे गेली नाही. मग शाळा, मैत्रिणी, कॉलेज, नोकरी, आणि मग विमान. मुलं मोठी व्हायचीच, ते कळतं मला. कळून काय उपयोग होतो ते मात्र अजून कळलेलं नाही.

फ्रॉक घर बदलताना गेला. टेम्पोत चढवलेलं एक गाठोडं उतरलंच नाही, त्यात तो होता. मी त्याच्यावर पाणी सोडलं. हे मात्र अधूनमधून म्हणायचे, "कुठेतरी असेल गं. कपडे असे मरत नाहीत."

गेल्या थंडीत लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. दोनदा आशा लागून मोडली होती, त्यानंतर तो विषय आम्ही घरात काढायचंही सोडलं होतं. म्हणून तिनं पाचवा महिना लागेपर्यंत मला सांगितलं नव्हतं. मी फोन धरून नुसती "बरं, बरं" म्हणत राहिले. मग ती म्हणाली, "आई, एक मागू?"

"माग की."

"तू काही इथे येऊ शकणार नाहीस."

ते खरं होतं. माझ्या छातीचं दुखणं बघून डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलेलं, आणि तिला तिकडच्या डॉक्टरांनी जागचं हलू नको म्हणून.

"फोटोतला तुझा तो फ्रॉक हवा होता मला. शेवटचे महिने तो घालीन म्हणते."

"अगं, तो हरवून जमाना झाला."

"मग बाबा कशाला आहेत?" ती म्हणाली.

बाबांना हे सांगायला मी मागच्या खोलीत गेले. हे एका कोटाचं अस्तर टाचत होते. मी म्हटलं, "लेकीला माझा तो हिरवा फ्रॉक हवाय. शोधता येईल का?" आणि पुढे सांगणार, की फोटोतला, पट्ट्यांचा, पण ह्यांनी सुई वर केली आणि मला थांबवलं. "कुठला ते मला सांगतेस? झोपेतून उठवून विचार, बटणंसुद्धा सांगीन." चेहरा असा उजळला की मी पुढे बोललेच नाही.

त्या दिवसापासून ह्यांना खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही. जुन्या बाजारात एक बटणवाली बसते. डब्यांमध्ये जुनी बटणं भरून विकते, आणि कुणाचं कपाट कधी रिकामं झालं ते तिला त्या घरातल्या लोकांच्या आधी कळतं. तिला ह्यांनी कागदावर बटण काढून दाखवलं. ती म्हणाली, "काका, हिरवं बटण म्हणजे गवतात गवत शोधणं झालं." तरी तिनं चार जणांच्या कानावर घातलं. हे रोज जायचे, रोज हात हलवत परत यायचे. तिकडे लेकीचा सहावा महिना संपत आला. फोनवर ती फ्रॉकचं विचारायची नाही, आणि तिनं विचारू नये म्हणून मी भलतंसलतं बोलत राहायचे.

मग एका सकाळी हे बटणवालीकडून आले ते छातीशी वर्तमानपत्राचं पुडकं धरून, माझ्याशी एक शब्द न बोलता मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी ओळखलं. त्यानंतर सगळा आठवडा आतून टबात पाणी सोडल्याचा आवाज, इस्त्रीचा वास, मशीनची घरघर. मी मुद्दाम काही विचारलं नाही. स्वतःच्या हातानं दाखवायचं सुख माणसाला द्यावं. पण माझाही जीव दाराशीच होता. काम करता करता मी उगाच दोनदा त्या दारावरून जायचे.

रविवारी ह्यांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं. "डोळे मीट."

"आता ह्या वयात?"

"मीट गं."

उघडले तर दाराच्या चौकटीला तो लटकत होता. तोच हिरवा. तीच बटणं, सगळीच्या सगळी. पट्टा ह्यांनी नवा करून घेतला होता. कॉलर उलटी करून ह्यांनी मला लाल फुली दाखवली. मला भरून आलं. मी जवळ जाऊन बाहीवरून हात फिरवला, मग कमरेवरून, मग बाजूला. बाजूला शिवण होती. हिरव्याला हिरवं जोडलेलं, सरळ, सुरेख.

"ह्याच्या पट्ट्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"होत्या ना. कुणीतरी फुलाफुलाचं कसलं तरी ठिगळ जोडून वाट लावली होती. पडद्याबिडद्याचं असावं." हे अजून कौतुकातच होते. "पण टाके काय बारीक होते. दोन दिवस गेले उसवण्यात, कापडाला धक्का लागू दिला नाही. आता बघ. मूळ रूप."

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, "पडद्याचंच होतं ते. आपल्या जुन्या घरातल्या. तुमच्या आईनं शिवलं होतं."

ह्यांच्या हातातली कॉलर सुटली.

मी तिथेच थांबायला हवं होतं, पण मी थांबणाऱ्यातली नाही. म्हटलं, "पोटुशी होते मी तेव्हा. तुमच्या आईनं आयुष्यात माझ्यासाठी स्वतःहून केलेली ती एक गोष्ट. आणि लेक तोच फ्रॉक मागतेय, फोटोतला. तिला सातवा लागतोय. तिच्या पोटावर हा बसणार कसा, एवढा तरी विचार केलात?"

"मला वाटलं तिला ठेवायला हवाय," हे म्हणाले. "आठवण म्हणून."

"ठेवायला. तुम्हाला सगळं ठेवायलाच हवं असतं. तुमच्या डोक्यात मी अजून त्या दुकानाच्या दारात उभी आहे. पुढे आत आले, संसार केला, मूल झालं, त्यातलं काही नाही. धुऊन टाकलंत सगळं."

ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "तेवढंच नीट आठवतं मला. त्यानंतर मी नुसतं कामच केलं गं. सकाळी तू झोपलेली असायचीस, परत आलो की झोपलेली असायचीस. त्या पट्ट्यांच्या फ्रॉकमध्ये तुला मी कधी पाहिलंच नाही. फोटोत पाहिलं असेल, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत काय कळतं? फोटोत मी तुझं तोंड बघायचो."

माझा राग होता तिथेच होता, पण त्याला बसायला जागा राहिली नाही.

"टाकल्यात कुठे त्या?" मी विचारलं.

चिंध्यांची पिशवी ह्यांनी बैठकीत ओतली. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. माझे गुडघे ओरडत होते, पण सांगतेय कुणाला. अस्तराचे तुकडे, काजांचं कातरण, मखमलीच्या फिती, आणि त्यातून एक पट्टी निघाली. पांढऱ्याचं पिवळट झालेलं, पण फुलं शाबूत. मी ती मांडीवर पसरली. दुसरी मिळेना. सगळी पिशवी दोनदा चाळली. मग हे एकदम उठले, मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत गेले तर हे बुटांच्या फळीसमोर उभे होते. हातात दुसरी पट्टी. गुरुवारी बाजारातून आणलेल्या बुटांना ह्यांनी तिनंच पॉलिश केलं होतं. अर्धी पट्टी काळीकुट्ट.

आयुष्यात मी ह्यांना इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. ह्यांनी लगेच आपल्या बाटल्या काढल्या, कापूस काढला. जन्मभर लोकांचे डाग काढलेला माणूस. एका कोपऱ्यावर थेंब टाकून बघितला आणि थांबले.

"जाईल?" मी विचारलं.

"जाईल. पण त्याच्याबरोबर फुलंही जातील."

"मग असू दे."

"असा काळा?"

"असा काळा. तिला सांगू, बाबांनी केलं. पटेल तिला."

मग हे खिडकीशी बसले. नुकतीच घातलेली सुरेख शिवण पुन्हा उसवली. मशीन घेतलं नाही, हातानं शिवायला बसले. मला जवळ बोलावून ह्यांनी कापड उजेडात धरलं. सासूबाईंच्या सुईची भोकं अजून दिसत होती, दाट, एका रांगेत. हे एकेका भोकातून सुई घालत होते. मी समोर बसून राहिले. मध्येच म्हणाले, "डावीकडे जरा घट्ट शिवायची आई." आणि तिथे ह्यांनीही घट्ट शिवलं.

झाल्यावर म्हणाले, "घालून बघ."

मी म्हटलं, माझं काय पोट आहे आता? पण होतं, म्हातारपणानं दिलेलं. पट्ट्यांमुळे तो मला नीट बसला. शेवटचं बटण लावून मी वळले. हे खाली बसूनच बघत होते. काही वेळानं म्हणाले, "असा दिसायचा होय."

मी तो उतरवला नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी अंगावर ठेवला. त्यातच भाजी चिरली, कुंड्यांना पाणी घातलं, दुपारी लवंडले, लेकीशी फोनवर बोलले आणि तिला काही सांगितलं नाही. एकदा आरशासमोर उभी राहून पोटावर दोन्ही हात ठेवले. कुणी बघत नव्हतं म्हणून. जुना कपडा घालून घरकाम करायचं नाही, हात धुतल्याशिवाय त्याला बोट लावायचं नाही, असल्या ह्यांच्या नियमांतला एकही ह्यांनी मला त्या दोन दिवसांत ऐकवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो काढून ह्यांच्या हातात दिला. टब भरून ठेवलेला होता, मीच भरला होता. ह्यांनी सवयीनं फ्रॉकला नाक लावलं. तसेच उभे राहिले. मग टबाकडे न जाता टेबलाकडे गेले आणि त्याची घडी घालायला लागले.

"धुणार नाही?"

"नको," म्हणाले, आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. मला वाटलं, टाके नवे आहेत म्हणून घाबरले असतील.

पार्सल पोहोचलं त्या दिवशी आमची सकाळ होती. फोन स्पीकरवर होता, कारण एका कानानं मला आता नीट ऐकू येत नाही. पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला.

"मिळाला का गं?" मी विचारलं. "ती काळी पट्टी आहे ना, ते तुझ्या बाबांनी—"

"आई," ती म्हणाली, "बाबांनी हा धुतला नाही?"

आधीच तिला हल्ली कसकसले वास सहन होत नाहीत. म्हटलं, "का गं? खराब आहे?"

"तुझा वास येतोय ह्याला."

मी फोन ह्यांच्याकडे सरकवला. पलीकडे ती रडत होती, लहानपणी रडायची तशी, तोंड कशात तरी खुपसून.

"हो," हे म्हणाले, "मुद्दामच नाही धुतला." मग लगेच, "आणि त्याच्यात तोंड घालून रडू नकोस. मढवलेली बटणं आहेत, आत पत्रा असतो. ओली राहिली तर गंजतील."

एवढं बोलून ह्यांनी बाहीनं डोळे पुसले. बाही ह्यांच्या लाडक्या मोठ्या कॉलरच्या शर्टाची होती, जो हे मला कधी धुवायलासुद्धा देत नाहीत.